समुद्राकडे पाठ केलेलं घर

फोटोत खिडकी होती, खिडकीत समुद्र होता आणि खाली लिहिलं होतं, ‘रेवदंडा किल्ल्याच्या तटाच्या आत, जुन्या कौलारू घरात स्वतंत्र गेस्ट सूट. किनारा दोन मिनिटांवर.’ रास्ता पेठेतल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरून समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या काळ्या टाक्या दिसतात. मी फार विचार न करता तीन रात्रींचे पैसे भरून टाकले. सासूबाईंना सांगितलं, तर चष्म्यावरून बघत त्यांनी एवढंच विचारलं, ‘‘सूट? किती टक्के?’’

सासूबाई एकोणऐंशीच्या. आयुष्यभर सरकारी कचेरीत हिशेब लिहिले, त्यामुळे टक्के हा त्यांचा प्रांत. येईन म्हणाल्या, पण दर तासाला गाडी थांबवायची आणि जेवणात मासे असले तर त्यांचं ताट वेगळ्या टेबलावर, या दोन अटींवर. पर्समध्ये औषधांच्या आधी अडकित्ता आणि पानाचा डबा गेला.

पहिला दिवस

पहाटे साडेपाचला निघालो. पौडला मिसळ, मग मुळशी, ताम्हिणी. ताम्हिणीत पावसाळ्यात अर्धं पुणं धबधब्याखाली उभं असतं. जानेवारीत घाट रिकामा असतो, गवत पिवळं पडलेलं असतं आणि दऱ्या तळापर्यंत दिसतात. मला विचाराल तर घाट बघायचा तो याच दिवसांत, पण हे कोणाला सांगू नये. विळ्याहून कोलाडला उतरलो आणि मुंबई-गोवा रस्ता नुसता ओलांडला. त्याच्याविषयी काही न बोललेलं बरं. रोहा, चणेरा, साळाव. सासूबाईंचे थांबे धरून सहा तास झाले होते.

साळावच्या पुलावर नवऱ्यानं गाडी हळू केली. खाली कुंडलिकेची खाडी, डावीकडे तिचं मुख, आणि तिथंच पाण्यात सोंड सोडून बसलेल्या हत्तीसारखा कोर्लईचा डोंगर. पूल संपतो तसं रेवदंडा सुरू होतं. थोड्याच वेळात झाडीतून काळी भिंत पुढे येते, हाच किल्ल्याचा तट. गाडीरस्ता तो फोडूनच आत जातो. आत गेल्यावर मात्र किल्ल्यात आल्यासारखं काही वाटत नाही. मेडिकलचं दुकान, सलून, शाळा सुटलेली पोरं, सुकटीचा वास, एका ओटीवर पेपर वाचणारे आजोबा. पोर्तुगीजांनी १५२१ ते १५२४ च्या दरम्यान हा कोट उभारला. आता कोटाच्या आत गाव नांदतंय आणि तटाच्या दगडावर कोणाच्या तरी गोधड्या वाळताहेत. आमच्याकडे शनिवारवाड्याला तिकीट आहे. इथं किल्ल्यातून दळण आणायला जातात.

घर सापडलं. ओटी, माजघर, मंगलोरी कौलं, सगळं फोटोतल्यासारखं. फक्त समुद्र नव्हता. घराचं तोंड रस्त्याकडे आणि रस्त्यापलीकडे असंच दुसरं घर. काका बाहेर आले. पासष्टीचे, चट्ट्यापट्ट्याची हाफ पँट, खांद्यावर पंचा. मी नमस्कार करायच्या आधीच विचारलं, ‘‘काका, समुद्र?’’

‘‘मागं,’’ ते म्हणाले.

आमची खोली मागच्या पडवीला जोडलेली होती. पूर्वी ते सुपारीचं कोठार होतं. भिंतीला पोती टेकायची त्या उंचीपर्यंत चुना घासून गुळगुळीत झालेला, वरच्या तुळईला लोखंडी कडी, आणि रंग कितीही दिला तरी न गेलेला कोरडा, तुरट वास. पलंग सागवानी. न्हाणीघर अगदी नवं, त्याच्या फरशांवर निळे डॉल्फिन. खोलीला खिडकी होती, तीच फोटोतली. तिच्यातून विहीर दिसत होती आणि विहिरीमागे पोफळींचे सरळ, करडे खांब, नजर पोचेल तिथवर. दारावर पाटी : ‘पायाला वाळू घेऊन आत येऊ नये. वाळू समुद्राची आहे, तिथेच ठेवावी.’ पाटी वाचून नवऱ्याचा चेहरा खुलला. परमुलखात आपलं माणूस भेटावं तसा.

फोटोबद्दल विचारलं तर काका जराही ओशाळले नाहीत. ‘‘भाच्यानं टाकलंय ते. खिडकी आपलीच आहे, समुद्रही आपलाच आहे. फक्त दोघांचे फोटो वेगवेगळे काढलेत.’’

मी थोडी फुगून बसले होते. मग आजी आल्या. काकांच्या आई, सासूबाईंपेक्षा चार-सहा वर्षांनी मोठ्या, हातात सूप. त्यांनी माझी तक्रार ऐकून घेतली आणि खरोखरीच्या कुतूहलानं विचारलं, ‘‘समुद्राकडं तोंड करून बसायचं कशाला? तिकडनं येतं काय? खारं वारं आणि चोर.’’

पुढच्या तीन दिवसांत हे पटत गेलं. अलिबागपासून रेवदंड्यापर्यंत अष्टागरातली जुनी घरं अशीच आहेत. पुढे रस्ता आणि ओटी, मागे पडवी आणि विहीर, तिथून नारळी-पोफळीच्या वाडीची लांब अरुंद पट्टी, तिच्या टोकाला केवडा आणि सुरूची झाडं, आणि सगळ्यांच्या मागे समुद्र. माणसांची ये-जा पुढच्या दारानं, समुद्र परसात. वाडी हीच खाऱ्या वाऱ्याला आडवी घातलेली भिंत. समुद्र दिसणारी खोली ही आमच्यासारख्यांची मागणी. जी घरं ती पुरवतात, तिथं दारांच्या बिजागऱ्यांवर गंजाचे पापुद्रे आलेले मी पुढे पाहिले. आमच्या कोठाराच्या दाराला बिजागरीच नव्हती. लाकडी खुंट दगडी खळग्यात फिरत होता, वर एक, खाली एक. गंजायला लोखंड होतंच कुठे?

संध्याकाळी वाडीतून किनाऱ्यावर गेलो. सासूबाईंनी पावलं मोजली, तीनशे बारा. वाळू काळपट, घट्ट. पाणी बरंच वर आलं होतं.

‘‘भरती कधीची आहे?’’ नवऱ्यानं फोन काढला.

‘‘आज काय, सप्तमी ना,’’ काका म्हणाले. ‘‘तिथीची पाऊणपट करायची. म्हणजे सव्वापाच.’’

फोननं पाच वाजून काही मिनिटं दाखवली. पण मी बघत होते सासूबाईंकडे. ‘‘म्हणजे पाऊणकी!’’ त्या म्हणाल्या आणि तिथंच वाळूत उभ्या राहून सुरू झाल्या, ‘‘सात पाऊणे सव्वापाच, आठ पाऊणे सहा, नऊ पाऊणे पावणेसात…’’ लहानपणी छडी खाऊन पाठ केलेली पाऊणकी. कचेरीत कॅल्क्युलेटर आला आणि तिचा उपयोग संपला, असं त्या धरून चालल्या होत्या.

दुसरा दिवस

सकाळी आजी आणि सासूबाई मागच्या पडवीत बसल्या होत्या, मध्ये सुपारीचा ढीग. सुपारी सालीसकट दीड-दोन महिने उन्हात वाळवतात, मग सोलतात. आजींच्या पायात पाटाला बसवलेलं पातं होतं. सुपारी त्यावर दाबायची, फिरवायची, साल काथ्यासारखी सुटून येते आणि आतून तपकिरी गोटा निघतो. आजी तो कानाशी नेऊन हलवायच्या. खुळखुळला तर वाळला, नाही तर परत उन्हात. सासूबाईंनी आपला अडकित्ता काढला, एक गोटा कातरला, कापावरची पांढरी-तांबडी नक्षी उजेडात धरली आणि म्हणाल्या, ‘‘आम्हाला पुण्यात ही मिळत नाही.’’ रविवार पेठेतला आमचा सुपारीवाला तिथं असता तर त्याला वाईट वाटलं असतं.

ढीग लहान होता. आजी म्हणाल्या, पूर्वी एवढा एका दिवशी सोलायच्या. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं आणि दुपारच्या दोन तासांत निम्मी वाडी आडवी झाली. ‘‘माड वाकतो. पोफळ मोडते.’’ मोडताना आवाज कसा येतो ते त्यांनी अडकित्त्याकडे बोट दाखवून सांगितलं. नवी रोपं लावलीत, पण पोफळीला फळ धरायला सहा-सात वर्षं लागतात. तोवर काय करायचं? कोठार रिकामंच होतं. त्यात पलंग टाकला, डॉल्फिनच्या फरशा बसवल्या आणि भाच्यानं फोटो टाकला. हे ऐकल्यावर खिडकीतून समुद्र दिसत नाही ही माझी तक्रार मी विहिरीत टाकली.

मग किल्ला. पहिल्यांदा सातखणी मनोरा. कुठल्याही वाडीतून मान वर केली की माडांच्या वर तो दिसतोच. मूळचा फ्रान्सिस्कन पंथाच्या चर्चचा घंटाघर-बुरूज. चर्च गेलं, मनोरा राहिला. नावाला सातखणी, पण वरचे खण ढासळलेत आणि खालून मोजताना आमच्या तिघांचे तीन आकडे आले. पायथ्याशी तोफा गवतात लोळत पडलेल्या. एका तोफेवर शेळी बांधली होती. पुढे चर्चच्या उघड्या भिंती, कमानी, त्यांना फोडून उगवलेले वड-पिंपळ. एका दरवाजावर पोर्तुगालच्या राजाचं चिन्ह अजून वाचता येतं. एवढा मोठा वारसा आणि साधा कचऱ्याचा डबाही नाही, असं म्हणणार होते. पण तिथं डबा, तिकीटखिडकी, रेलिंग आणि सेल्फी पॉइंट आला असता तर मला आवडलं असतं का, हे ठरवता येईना.

शाळेच्या आवारात एक स्मारकशिळा आहे. १४६९ च्या सुमारास रशियातल्या त्वेर गावचा अफनासी निकितिन नावाचा व्यापारी शेजारच्या चौल बंदरात उतरला, त्याची ही आठवण. वास्को द गामा कालिकतला आला १४९८ मध्ये. म्हणजे हा त्याच्या आधी जवळजवळ तीस वर्षं. बरोबर एक घोडा होता, विकायला आणलेला. इथल्या लोकांच्या उघड्या अंगांचं त्याला आश्चर्य वाटलं आणि याच्या गोऱ्या रंगाचं इथल्यांना. तो बाहेर पडला की माणसं मागे लागायची. इथून तो घाट चढून गेला जुन्नरला.

‘‘आमच्या जुन्नरला?’’ सासूबाई थांबल्या. त्यांचं माहेर जुन्नर.

‘‘हो. पावसाळाभर तिथं अडकला. आणि तिथल्या खानानं त्याचा घोडा काढून घेतला. धर्म बदल, तर देतो म्हणाला.’’

‘‘मग?’’

‘‘कोणीतरी खुरासानी मध्ये पडला, रदबदली केली, घोडा परत मिळाला.’’

‘‘बरं झालं,’’ सासूबाई म्हणाल्या, जणू गावाची अब्रू वाचली. पुढे तो घोडा बीदरला विकला गेला, हे मी त्यांना जेवताना सांगितलं.

दुपारी मी एकटी सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, शोधत निघाले. आमच्या रास्ता पेठेत बेने इस्रायल या मराठी ज्यू मंडळींचं सुक्कथ शेलोमो आहे, १९२१ चं. त्याच्यावरून मी रोज भाजी आणायला जाते आणि कधी आत डोकावलेलं नाही. ते लोक पुण्यात आले ते याच पट्ट्यातून. त्यांच्या परंपरेप्रमाणे अलिबागच्या उत्तरेला नवगावजवळ त्यांच्या पूर्वजांचं गलबत फुटलं आणि सात पुरुष, सात बायका वाचल्या. कोकणात त्यांनी तेलाचे घाणे घातले. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणू लागले. आडनावं गावांवरून, रोहेकर, पेणकर, किहीमकर. घरात मराठी, नवस फेडायला पोहे-खोबऱ्याचा मलिदा. रेवदंड्याचं बेथ एल सिनेगॉग साधं, पांढरं, बैठं आहे. दाराला कुलूप होतं. शेजारच्या बाई म्हणाल्या, सणाला येतात मुंबईहून, ठाण्याहून. मी पायरीवर थोडा वेळ बसले. दाराची चौकट आमच्या कोठाराच्या चौकटीसारखीच होती.

आता त्या संध्याकाळबद्दल. मी लिहू नये असं घरातल्या एका व्यक्तीचं मत आहे.

आईला परत तीनशे बारा पावलं चालायला नको, म्हणून नवऱ्यानं गाडी बोळातून थेट वाळूवर नेली. काकांनी सकाळीच सांगितलं होतं, वाळू वरून घट्ट दिसते, गाडी घालू नका. पाच वाजले होते. दोनशे फूट गेल्यावर मागची चाकं जागीच फिरू लागली. त्यानं जोर लावला, आम्ही आणखी खाली. दार उघडलं तर उंबरठ्याच्या पातळीला वाळू.

‘‘आज अष्टमी,’’ मागच्या सीटवरून सासूबाई म्हणाल्या. ‘‘आठ पाऊणे सहा. अजून एक तास पाणी चढणार.’’

‘‘आई, प्लीज.’’

‘‘पंचावन्न मिनिटं.’’

मी वाडीतून धावत गेले. काका आले, मागोमाग चार पोरं, हातात फावडं आणि माडाच्या झावळ्या. कोणी काही बोललं नाही, हे सगळ्यात लागलं. हा त्यांच्या रोजच्या कामातलाच प्रकार दिसत होता. त्यांनी चाकांची हवा निम्मी काढली, वाळू उपसली, झावळ्या आडव्या घातल्या. लाटेचा फेस पुढच्या चाकापासून आठ-दहा हातांवर येऊन परतत होता. दर वेळी तो तिथंच थांबतोय असं मला वाटायचं आणि दर वेळी तो वीतभर पुढे असायचा. तिसऱ्या प्रयत्नात गाडी उसळून बाहेर आली. सासूबाई आत बसूनच होत्या. उतरायला तयार नव्हत्या, ‘‘माझ्या वजनानं काय होतंय.’’

बोळाच्या तोंडाशी पोचल्यावर काका पहिल्यांदा बोलले. ‘‘अष्टमीची म्हणून वाचलात. भांगाची भरती, पाणी फार चढत नाही. पुनवेच्या उधाणाला आला असतात, तर गाडी पुण्याला टेम्पोतून न्यावी लागली असती.’’ मग रात्री अंगणात विहिरीच्या गोड्या पाण्यानं गाडी खालून धुवायचा कार्यक्रम झाला, कारण खारं पाणी पत्रा खातं. नवऱ्यानं स्वतः, एकही शब्द न बोलता, तेवीस बादल्या ओढल्या. कोणी मोजल्या ते वेगळं सांगायला नको.

तिसरा दिवस

सासूबाई आजींपाशी राहिल्या. आम्ही दोघं कोर्लईला.

पूल ओलांडून मागे साळावला, तिथून उजवीकडे. कोर्लई गावातून कोळीवाड्याच्या अरुंद रस्त्यानं दीपगृहापर्यंत गाडी जाते, आणि दीपगृहामागून पायऱ्या सुरू होतात. अर्ध्या तासाची चढण. डोंगर म्हणजे समुद्रात घुसलेली चिंचोळी सुळकी आणि किल्ला तिच्या पाठीवर लांबट बसवलेला, एकामागून एक दरवाजे आणि आडव्या भिंतींनी कप्पे पाडलेला. पुढचा कप्पा पडला तरी मागचा लढेल, अशी रचना. निजामशाहीकडून पोर्तुगीजांनी १५९४ मध्ये हा घेतला. माथ्यावर पडकं चर्च, पाण्याचं टाकं, तोफा. वारा असा, की बोलायचं तर कानाशी ओरडावं लागतं.

इथून सगळं नकाशासारखं दिसतं. एका बाजूला खुला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी, पलीकडे माडांच्या गर्दीतून वर आलेला सातखणी मनोरा. आमचं घर त्या हिरव्यात कुठंतरी, आमच्याकडे पाठ करून. खाडीच्या याच तोंडाशी १५०८ च्या मार्चमध्ये इजिप्तच्या सुलतानाचं आरमार आणि दीवचा मलिक अयाज यांनी मिळून पोर्तुगीजांना गाठलं. पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेदाचा मुलगा लोरेन्सो त्यात मारला गेला. त्याचं जहाज अडकलं आणि बाकीची निघून गेली. जहाज अडकण्याचा विषय निघाल्यावर नवरा दीपगृहाकडे बघू लागला.

उतरल्यावर गावात एका घरापुढे लिंबू सरबत प्यायलो. दोन बायका मासळी निवडत बोलत होत्या. कान देऊन ऐकलं तर कळेना. कोकणी म्हणावी तर नाही, कोळ्यांची बोली म्हणावी तर तीही नाही. इथल्या ख्रिस्ती वस्तीची ही भाषा, ते तिला ‘नॉ लिंग’ म्हणतात, म्हणजे ‘आमची भाषा’. पोर्तुगीज सैनिक आणि गावातली माणसं यांच्या सहवासातून ती घडली. १७४० मध्ये चौल-कोर्लई मराठ्यांकडे आलं, पोर्तुगीज निघून गेले आणि भाषा इथंच राहिली. आज ती सुमारे हजारभर माणसं बोलतात. शब्द बहुतेक पोर्तुगीज, पण चारही बाजूंनी मराठी, त्यामुळे वाक्याची ठेवण आपल्यासारखी होत गेली. क्रियापद शेवटी. मी एकीला म्हटलं, पाणी द्या, हे तुमच्या भाषेत कसं म्हणायचं? तिनं सांगितलं, मी म्हटलं, दोघी खळखळून हसल्या आणि मराठीत म्हणाल्या, ‘‘ताई, तुम्ही मराठीतच मागा, पाणी लवकर मिळेल.’’

परत आलो तर घरी वेगळीच तयारी चाललेली. सासूबाई पदर खोचून वालाच्या शेंगा निवडत होत्या. संध्याकाळी पोपटी लावायची ठरली होती आणि आमचं मत कोणी विचारलेलं नव्हतं.

पोपटी वाडीत, उघड्यावर. मडक्याच्या तळाशी भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, मीठ, ओवा, मग मसाला लावलेलं कोंबडीचं मांस पानात गुंडाळून, अंडी, पुन्हा शेंगा, आणि तोंडाशी परत पाला गच्च कोंबलेला. पाणी थेंबभरही नाही. दुसरं छोटं मडकं सासूबाईंचं, त्यात बटाटे, रताळी, वांगी. दोन्ही मडकी उलटी ठेवली, भोवती झावळ्या आणि पेंढा रचून पेटवलं. अर्ध्या तासानं काकांनी मडक्यावर पाण्याचा शिपका मारला. चर्र असा कोरडा आवाज आला तशी मान हलवली, ‘‘झाली.’’ पाला ओढून काढल्यावर जो वास सुटतो, तो ओव्याचा, धुराचा आणि त्या कडवट पाल्याचा मिळून एक. शेंग दातात धरून ओढायची, दाणे जिभेवर, साल आगीत. नवरा म्हणाला, एवढं चांगलं आपण गेल्या वर्षात काही खाल्लं नाही. मी रोज स्वयंपाक करते, तरी मला राग आला नाही.

सासूबाई आमच्यातच बसल्या होत्या, कोंबडीच्या मडक्यापासून हातभर अंतरावर. वेगळ्या टेबलाचं नाव कोणी काढलं नाही, मीही आठवण करून दिली नाही.

रात्री वीज गेली. एसी बंद, पंखा बंद. खिडकी उघडली आणि तीन दिवसांत पहिल्यांदा खोलीतून समुद्र नीट ऐकू आला. एरवी एसीच्या घरघरीत तो बुडून जायचा. वाडीच्या पलीकडून एकसारखी घसट, मध्ये झावळीचा सपका, लांबवर कुत्रं. पहाटे वीज आली तेव्हा मी उठून बटण बंद केलं.

चौथा दिवस

निघताना आजींनी सासूबाईंना सोललेल्या सुपारीची पुरचुंडी दिली. सासूबाईंनी पैसे पुढे केले, आजींनी ते परत केले, असं चार वेळा झालं. शेवटी सासूबाईंनी आपला अडकित्ता त्यांच्या हातात ठेवला. पितळी मुठीचा, जुन्नरच्या घरातला. गाडीत बसल्यावर म्हणाल्या, ‘‘दात राहिलेत कुठे आता कातरून खायला.’’ पर्समधल्या डब्यावर त्यांचा हात मात्र पेणपर्यंत होता.

चौलच्या रामेश्वराला थांबलो. समोर मोठी पुष्करणी, आणि सभामंडपात जमिनीत झाकलेली कुंडं, त्यांतलं एक पर्जन्यकुंड. पाऊस ओढ धरायचा तेव्हा ते उघडायची प्रथा होती. दत्ताचा डोंगर खालूनच पाहिला. यात्रा नुकतीच उरकली होती आणि पायथ्याच्या शेतात पाळण्यांचे सांगाडे अजून उभे होते. अलिबागला कान्होजी आंग्रे यांच्या समाधीपाशी दहा मिनिटं. या साऱ्या किनाऱ्यावर दरारा बसवून १७२९ मध्ये गेलेला माणूस, आणि समाधी बाजाराच्या गर्दीत. कुलाबा किल्ला किनाऱ्यावरूनच पाहिला. ओहोटी दुपारी होती आणि थांबायची कोणाची तयारी नव्हती. वडखळ, पेण, खोपोली, बोरघाट. त्या रस्त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही, रहदारी सगळ्यांना माहीत आहे.

संध्याकाळी रास्ता पेठेत शिरताना सिनेगॉगचं फाटक उघडं दिसलं, पण मागे तीन रिक्षा हॉर्न वाजवत होत्या. घरी पोचून पिशव्या उघडल्या. चपला, टॉवेल, चष्म्याची केस, सगळ्यांतून काळी वाळू निघाली. पाटीवरचा नियम आम्ही पाळला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी साबुदाणा परतत होते. सासूबाईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं, मग घड्याळाकडे.

‘‘एकादशी. अकरा पाऊणे सव्वाआठ. भरती लागली असेल आता.’’

नवरा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाला, ‘‘मुठेला येत नाही, आई.’’

‘‘तुला कोण विचारतंय,’’ त्या म्हणाल्या आणि आजींना फोन लावला.